पिसारी पतंग ओळखायचा तर शेंगेपासून सुरुवात करा: सोलापूर भागात एक्सेलास्टिस कसा शोधावा

मार्गशीर्षात रानात जाऊन पिकाची पूजा करायचा सण म्हणजे वेळ अमावास्या. तिच्या आदल्या संध्याकाळी आमच्या माहेरी, अक्कलकोट तालुक्यात, भज्जीसाठी, म्हणजे त्या सणाच्या मिसळीच्या भाजीसाठी, तुरीच्या शेंगा सोलायला सगळ्या बायका ओसरीवर बसतात. चांगले दाणे पातेल्यात, किडक्या शेंगा सुपात. काही वर्षांपूर्वी त्या सुपातली एक शेंग मी उचलली. तिला एक अळी चिकटली होती. हिरवट तपकिरी, अंगभर बारीक केस, लांबीला जेमतेम सेंटिमीटर. तोंड शेंगेच्या भोकात खुपसलेलं आणि बाकी सगळं अंग बाहेर. मी ती शेंगेसकट डबीत ठेवली. पुढे त्या डबीत एक पतंग दिसला, तो पाहून दादा म्हणाला, "अगं, डास हाय तो. सोड की."

तो डास नव्हता. एक्सेलास्टिस या प्रजातीतला पिसारी पतंग होता. पण हे नाव खात्रीनं लिहायला मला दोन हंगाम लागले, आणि मधल्या काळात मी एकदा चुकीचं नावही लिहून बसले. तुमचा तेवढा वेळ जाऊ नये म्हणून हे लिहिते आहे. हाती भिंगही न धरलेल्या माणसासाठी आहे, त्यामुळे काही गोष्टी अगदी मुळापासून सांगते.

एक खुलासा आधीच. मराठी जीवशास्त्रात 'प्रजाती' म्हणजे जवळच्या नात्यातल्या अनेक जातींचा गट, आणि 'जाती' म्हणजे त्यातला एकेक प्रकार. एक्सेलास्टिस ही प्रजाती. एडवर्ड मेरिक या इंग्रज अभ्यासकानं १९०८ मध्ये तिला हे नाव दिलं. तो पेशानं शाळामास्तर होता आणि लहान पतंगांच्या हजारो जातींची वर्णनं त्यानं लिहून ठेवली आहेत. आपल्याकडे तुरीवर येणारी जाती एक्सेलास्टिस ॲटोमोसा. कृषी खात्याच्या पत्रकात 'तुरीवरील पिसारी पतंग' असा उल्लेख असतो तो हिचाच.

१. काय काय जवळ हवं

सामान फार नाही आणि महागही नाही.

- दहा पट मोठं दाखवणारं भिंग. घड्याळ दुरुस्त करणाऱ्यांकडे असतं तसलं चालतं.
- झाकणाच्या पाच-सहा पारदर्शक डब्या, मलमलीचे तुकडे, रबर बँड.
- चित्रकलेचा सगळ्यात बारीक ब्रश. अळी उचलायला बोटं वापरायची नाहीत.
- आलेख कागद. पतंगाखाली ठेवला की लांबी आपोआप मोजली जाते.
- मोबाइल आणि त्याला अडकवायची मॅक्रो भिंगाची चिमटी.
- वही आणि पेन्सिल. पेनाची शाई दवानं पसरते.
- रात्री जाणार असाल तर पांढरं कापड, बॅटरीवरचा दिवा, पायात घट्ट बूट. आपल्या माळरानात फुरसं असतं, हे विसरू नका.

कागदपत्रांचं म्हणाल तर, स्वतःच्या किंवा ओळखीच्या रानात शेतमालकाची परवानगी पुरते, पण ती आधी घ्या. रात्री बांधावर दिवा दिसला की लोकांना चोराची शंका येते. शेजारच्या रानवाल्यांना आणि पोलीस पाटलांना सांगून ठेवलं की कुणी हरकत घेत नाही. विद्यार्थ्यांनी कॉलेजचं ओळखपत्र खिशात ठेवावं. नान्नजच्या माळढोक अभयारण्यात मात्र ही सवलत नाही. तिथे रात्री थांबायचं किंवा एखादा किडा उचलायचा तर वन विभागाची लेखी परवानगी लागते. सुरुवातीला तिकडे जायची गरजही नाही, कारण हा पतंग पिकात राहणारा आहे.

२. कधी आणि कुठे पाहायचं

नवशिक्यांची पहिली चूक इथेच होते. पतंग पाहायचे म्हणून उत्साहानं जुलैत निघतात, कारण जगभरचा पतंग सप्ताह जुलैच्या अखेरीस असतो. त्या वेळी आपल्याकडे तूर नुकती उगवलेली असते. एक्सेलास्टिसच्या अळीला कळ्या, फुलं आणि कोवळ्या शेंगा लागतात. तूर फुलाला आली की तिथून शेंगा पक्व होईपर्यंत, म्हणजे साधारण नोव्हेंबर ते जानेवारी, हा खरा काळ. वेळ अमावास्या याच्या बरोबर मध्ये येते. दिवसा शेंगा हातात येतात आणि रात्र अंधारी मिळते.

जागा म्हणाल तर जिल्ह्यात अक्कलकोट, दक्षिण सोलापूर, बार्शी, जिथे तूर तिथे शोधता येईल. शहरात राहणाऱ्यांनी परसातलं किंवा कंपाउंडच्या कडेचं एखादं तुरीचं झाडसुद्धा सोडू नये. फवारणी झालेलं रान टाळा.

वेळ दोन. पहिली दिवे लागायच्या सुमारास. तुरीच्या ओळीतून सावकाश चाला, काठीनं फांद्या हलक्या हलवा. पिसारी पतंग उठतो, कापसाच्या धाग्यासारखा तरंगत दोन-चार हात जातो आणि लगेच बसतो. कुठे बसला तेवढं लक्षात ठेवा. दुसरी वेळ रात्रीची, दिव्यावर. दोन काठ्यांना कापड बांधायचं आणि पुढे दिवा ठेवायचा. घरातली सोलापुरी चादर नेऊ नका. तिच्या विणीतल्या नक्षीवर सेंटिमीटरभराचा भुरा पतंग दिसतच नाही. जुनं पांढरं धोतर सगळ्यात उत्तम. चांदण्या रात्री दिव्यावर किडे कमी येतात, म्हणून अमावास्येच्या आगेमागे जा.

३. आधी घराणं ठरवा, मग प्रजाती

बसलेला पिसारी पतंग एकदा पाहिला की विसरत नाही. रानातलं बुजगावणं दोन्ही हात आडवे पसरून उभं असतं ना, तसा. शरीर काडीसारखं बारीक, पंख गुंडाळून अरुंद केलेले आणि शरीराशी काटकोनात आडवे धरलेले. पाय लांब, त्यांवर काट्यासारखी टोकं. डास समजण्याचं कारण हेच लांब पाय. पण डासाला दोनच पंख असतात आणि ते तो असे आडवे ताणत नाही.

दुसरी खूण पंखांची. पुढचा पंख टोकाकडून चिरून त्याचे दोन भाग झालेले असतात, मागचा पंख तीन भागांत. प्रत्येक भागाला कडेनं केसांची झालर असते आणि त्यामुळे तो पिसासारखा दिसतो. 'पिसारी' हे नाव त्यावरूनच पडलं. घराणं म्हणजे नात्यातल्या अनेक प्रजातींचा मोठा गट. या घराण्याचं शास्त्रीय नाव टेरोफोरिडी, आणि जगात त्याच्या हजारावर जाती आहेत.

मोजताना घाई करू नका. ॲलुसिटिडी नावाचं आणखी एक घराणं आहे, त्यांचा प्रत्येक पंख सहा पिसांत चिरलेला असतो आणि तो पंख्यासारखा उघडून बसतो. आणि अगडिस्टिस ही प्रजाती पिसाऱ्यांच्याच घराण्यातली असूनही तिचे पंख अजिबात चिरलेले नसतात. आपल्याला हवा तो दोन आणि तीनवाला.

इथपर्यंत कुणालाही एका संध्याकाळी पोचता येतं. पुढचा रस्ता लांब आहे. बसलेल्या पतंगाच्या फोटोवरून एक्सेलास्टिस म्हणणं म्हणजे अंदाज, कारण बसल्यावर मागचा पंख पुढच्याखाली दडलेला असतो आणि भुऱ्या रंगाचे सगळे पिसारी सारखेच दिसतात. म्हणून माझं सांगणं असं की पतंगाच्या मागे धावू नका. शेंगेपासून सुरुवात करा.

४. शेंगेवरचं भोक वाचायला शिका

तुरीची किडकी शेंग म्हटली की सगळे 'अळी' एवढंच म्हणतात. प्रत्यक्षात चार वेगळे किडे वेगवेगळी खूण ठेवून जातात.

घाटे अळीचं भोक मोठं, गोल आणि स्वच्छ कडेचं. अळी वाढली की तीन-चार सेंटिमीटरची होते आणि अंगाच्या दोन्ही बाजूंना लांब पट्टे असतात. शेंगमाशीची अळी पांढरी, बिनपायाची, शेंगेच्या आतच वाढते. बाहेरून शेंग धडधाकट दिसते, सोलल्यावर दाणा खाल्लेला सापडतो. मारुका नावाच्या पतंगाची अळी फुलं, पानं, शेंगा एकत्र जाळ्यानं बांधते आणि तिच्या पाठीवर काळे ठिपके असतात.

पिसारीची अळी आधी शेंगेची साल खरवडते. हिरव्या शेंगेवर खरवडल्याच्या पट्ट्या दिसल्या की थांबून नीट पाहा. नंतर ती लहान भोक पाडते आणि स्वतः बाहेर राहून आतला दाणा खाते. अळी पुरी आत शिरत नाही.

इथे एक फसवी जागा आहे. लहान घाटे अळीसुद्धा डोकं आत घालून अर्धी बाहेर लोंबते. फरक अंगावर पाहायचा. पिसारीची अळी दोन्ही टोकांना निमुळती असते, मधे फुगीर. अंगावर सूक्ष्म काटे आणि केसांची दाट झालर असते, भिंगाखाली एखाद्या केसाळ काकडीसारखी दिसते. बाजूचे पट्टे नाहीत. पूर्ण वाढली तरी साधारण साडेबारा मिलिमीटर. त्याहून मोठी असेल तर ती आपली नव्हे.

कोष शोधताना आणखी जपून. पिसारीचा कोष धाग्यांच्या कोशेटात नसतो, उघडाच शेंगेला शेपटाकडून चिकटलेला असतो, आणि तोही केसाळ. रंग अळीसारखाच. पहिल्या वर्षी मी असे तीन कोष 'मेलेल्या अळ्या' म्हणून टाकून दिले होते. अळी हलत नाही, खात नाही, पण शेंगेला घट्ट चिकटून आहे असं वाटलं तर ती शेंग आठवडाभर तरी फेकू नका.

५. डबीत वाढवा

या कामात सगळ्यात भरवशाची पायरी हीच आहे. वाढवलेल्या पतंगाचं खाद्य माहीत असतं, अळी कशी होती ते माहीत असतं, आणि तो ताजा असल्यानं पंखांवरचे खवले शाबूत असतात. दिव्यावर आलेला पतंग बहुतेक झिजलेला असतो.

एका डबीत एकच अळी. तळाला टिश्यू पेपर, त्यावर अळी बसलेली शेंग देठासकट. तोंडाला मलमल बांधून रबर बँड. झाकण लावलं तर आत दमटपणा साठतो आणि दोन दिवसांत बुरशी येते. पाणी शिंपडू नका, हिरव्या शेंगेतला ओलावा पुरतो. रोज सकाळी विष्ठा झटकायची, शेंग सुकली की शेजारी ताजी ठेवायची. अळी स्वतःहून नव्या शेंगेवर जाते, उचलून ठेवावी लागत नाही. डबी खिडकीत नको. डिसेंबरातसुद्धा सोलापूरचं दुपारचं ऊन बंद डबी तापवायला पुरेसं असतं.

ताज्या शेंगा कुठून आणता याला फार महत्त्व आहे. दुसऱ्या वर्षी माझ्या चार अळ्या एका दिवसात गेल्या. मी शेंगा शेजारच्या रानातून तोडल्या होत्या आणि तिथे दोन दिवसांपूर्वी फवारणी झाली होती. विचारलं असतं तर कळलं असतं. तेव्हापासून मी तुरीची दोन झाडं घराच्या मागे बिनफवारणीची राखते. बाजारातली शेंगही या कामाला वापरू नका.

डबीवर पहिल्याच दिवशी चिठ्ठी चिकटवा. गाव, तारीख, पीक, अळी कुठे होती: कळीवर, फुलावर की शेंगेवर. 'नंतर लिहू' म्हटलं की सहा डब्यांपैकी कुठली कुठली हे कळत नाही.

कोष झाला की थंडीच्या दिवसांत आठवडा ते दीड आठवडा धरून चाला. रोज पाहा. पतंग बाहेर आल्यावर दोन-तीन तास हात लावू नका, पंख वाळू द्या. कधी पतंगाऐवजी मुंगीएवढी काळी माशी बाहेर येते. ती अळीच्या अंगात वाढलेली परजीवी माशी. नमुना वाया गेला असं समजू नका, तिचीही तारीख लिहा आणि तिला रानात सोडून द्या. या पतंगाला आवर घालणारे मित्रकीटक तेच आहेत.

६. पंख उघडून पाहा

जिवंत पतंग पंख उघडून दाखवत नाही. डबी फ्रिजमध्ये, बर्फाच्या कप्प्यात नव्हे, खाली भाजीच्या कप्प्यात दहा-पंधरा मिनिटं ठेवा. पतंग सुस्तावतो. आलेख कागदावर ठेवून ब्रशच्या टोकानं पुढचा पंख हलकेच वर सरकवा. मिनिटभरात तो पुन्हा जागा होतो, म्हणून मोबाइल आधीच तयार ठेवा.

काय पाहायचं, ओळीनं:

पुढचा पंख. चीर टोकाकडून साधारण तिसऱ्या हिश्श्यापर्यंत आत आलेली.

मागचा पंख. चिरा पुढच्यापेक्षा खोल. शरीराजवळचं तिसरं पीस जवळजवळ बुडापासून सुटं. या तिसऱ्या पिसाच्या झालरीचा वेगळा फोटो घ्या, जाणकार पहिल्यांदा तोच मागतात.

पाय. एकरंगी आहेत की पांढरे-तपकिरी कडे आहेत.

पोट. वरून आणि बाजूनं, दोन्ही.

रंग तुरीवरच्या एक्सेलास्टिसचा करडा भुरा, एकूण साधा. पण रंगावर निकाल देऊ नका. दोन दिवस डबीत फडफडलेला पतंग फिका पडतो.

बोटांनी पंख धरायचे नाहीत. बोटाला लागते ती पूड म्हणजे खवले, आणि आपल्याला जी खूण पाहायची ती त्याच पुडीत असते.

७. फसवणारे भाऊबंद

मी जी चूक केली ती इथली. घराच्या मागे वालाचा वेल होता, त्यावर केसाळ अळी सापडली. शेंगवर्गीय पीक, केसाळ अळी, दोन आणि तीन पिसांच्या पंखांचा पतंग, म्हणून मी वहीत एक्सेलास्टिस लिहून टाकलं. तो स्फेनार्केस, म्हणजे याच घराण्यातल्या दुसऱ्या प्रजातीचा निघाला.

स्फेनार्केस वालावर, घेवड्यावर येतो, दुधी भोपळ्याच्या वेलावर येतो आणि तुरीवरही सापडतो. म्हणजे नुसतं 'तुरीवर होता' एवढ्यावर नाव ठरत नाही. तो जास्त ठिपकेदार, पायांवर फिक्या-गडद कड्यांचे पट्टे, मागच्या पायांवर काट्यांजवळ केसांचे झुपके, आणि मागच्या पंखाच्या तिसऱ्या पिसाच्या झालरीत गडद खवल्यांचा दाट पुंजका नजरेत भरतो. असा पुंजका आणि कडेदार पाय एकत्र दिसले की एक्सेलास्टिसचं नाव खोडा.

दुसरा मेगॅलोऱ्हिपिडा. याची अळी पुनर्नव्यावर वाढते, आणि पुनर्नवा आपल्याकडे प्रत्येक बांधाला आहे. त्यामुळे तुरीच्या रानात उडणारा पिसारी तुरीवरच वाढलेला असेल असं नाही. डबीतून निघालेल्या पतंगाला मी एवढं महत्त्व देते ते यासाठी.

एक्सेलास्टिस प्रजातीतही ॲटोमोसा एकटी नाही. पुमिलिओ नावाची तिची लहान बहीण उष्ण प्रदेशांत जगभर पसरलेली आहे.

८. किती नाव लिहायचं

फक्त बसलेल्या पतंगाचा फोटो असेल तर 'टेरोफोरिडी' इथे थांबा. तुरीच्या शेंगेवरची केसाळ निमुळती अळी, उघडा केसाळ कोष आणि त्यातून निघालेला करडा भुरा साधा पतंग, हे तिन्ही फोटो असतील आणि स्फेनार्केसच्या खुणा नसतील तर 'एक्सेलास्टिस' लिहा. कीड म्हणून शेतकऱ्याला सांगायचं तर ॲटोमोसा म्हणायला हरकत नाही. शास्त्रीय नोंद म्हणून जातीपर्यंत जायचं असेल तर पतंगाच्या जननेंद्रियांची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी लागते. ते घरी होत नाही. त्यासाठी मेलेला पतंग कागदाच्या त्रिकोणी पुडीत ठेवा, पुडीवर डबीवरची चिठ्ठी लावा, सोबत डांबरगोळी टाका, आणि प्राणिशास्त्र किंवा कीटकशास्त्राच्या प्राध्यापकांना दाखवा.

आयनॅचरलिस्टवर, म्हणजे निसर्गातल्या नोंदी टाकायच्या संकेतस्थळावर, नोंद टाकताना अळी, कोष आणि पतंग यांचे फोटो एकाच नोंदीत टाका, वेगवेगळ्या तीन नोंदी करू नका. खाली झाडाचं नाव लिहा. कुणी वेगळं नाव सुचवलं तर कारण विचारा, पटलं तर बदला. माझा स्फेनार्केस असाच दुरुस्त झाला.

९. अळी दिसली म्हणून फवारू नका

हे ओळखीच्या विषयात बसत नाही, पण शेतकरी वाचत असतील म्हणून सांगते. दादानं त्या वर्षी एका दुकानात किडकी शेंग दाखवली. दुकानदारानं शेंग न सोलताच 'घाटे अळी आहे' म्हणून दोन औषधं एकत्र करून फवारायला सांगितली. घरी येऊन आम्ही वीस शेंगा सोलल्या. घाटे अळी एकही नव्हती. दोन शेंगांवर पिसारी होती आणि पाच शेंगांच्या आत शेंगमाशीची पांढरी अळी.

म्हणून आधी रानात पाच ठिकाणी थांबा, प्रत्येक ठिकाणी दोन झाडं निवडून अळ्या मोजा आणि त्या कुठल्या ते वरच्या खुणांनी वेगळं करा. तो कागद आणि डबीतली अळी घेऊन खेड किंवा मोहोळच्या कृषी विज्ञान केंद्रात जा. पाच टक्के निंबोळी अर्क पुरेल की औषध लागेल हे त्यांना आकडे पाहून सांगता येतं. आम्ही त्या वर्षी निंबोळी अर्कच मारला, आणि घरामागच्या दोन झाडांवर तोही नाही. तिथल्या शेंगा यंदाही डबीतल्या अळ्यांसाठी राखून ठेवल्या आहेत.